माहूरच्या चढाला निघताना: यवतमाळकरांसाठी डोंगरवाटेची तयारी

दिवाळी आटोपली की यवतमाळ, पुसद, आर्णी, दिग्रसकडच्या मंडळींचे तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात. पुण्या-नाशिकला शिकायला गेलेली मुलं सिंहगडाचे, हरिहरचे फोटो पाठवतात आणि इथल्यांना वाटतं, आपल्याकडे चढण्याजोगं काही आहे की नाही? असेल तर वनविभागाची परवानगी लागते का? वाघ समोर आला तर? आईला आणि दहा वर्षांच्या मुलाला सोबत नेता येईल का?

चढण्याजोगं आहे. अजिंठा डोंगररांगेच्या पूर्वेकडच्या शाखा पुसद, उमरखेड, महागाव भागातून पैनगंगेच्या खोऱ्याकडे उतरत जातात. सह्याद्रीची उंची त्यांना नाही, आणि लोक फसतात ते इथेच. ‘टेकडीच तर आहे’ म्हणून दुपारी बाराला, हातात अर्ध्या लिटरची बाटली घेऊन निघतात. विदर्भातल्या डोंगरावर खरी परीक्षा घेतं ते ऊन, निसटता मुरूम, चुकलेली पायवाट आणि लवकर पडणारा अंधार. या चारही गोष्टींची तयारी घरूनच करता येते.

पहिली वाट कोणती

शहराजवळ सवय करायची असेल तर यवतमाळकरांना चौसाळ्याची टेकडी ठाऊक आहेच. महिनाभर आठवड्यातून दोनदा पहाटे तिथे चढ-उतार करा. पोटऱ्या आणि दम, दोन्ही तयार होतात. पण खऱ्या अर्थानं उभा आणि देखणा चढ हवा असेल, तर जिल्ह्याची वेस ओलांडून माहूरला जा. यवतमाळहून आर्णी, धनोडामार्गे हे अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचं आहे. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो.

माहूर म्हणजे साडेतीन शक्तिपीठांतलं रेणुकामातेचं ठाणं. रेणुका, दत्त आणि अनसूया असे इथले तीन डोंगर, आणि रेणुकेच्या डोंगरासमोर रामगड हा किल्ला. तिन्ही शिखरांना जायला घाटरस्ता झाल्यामुळे बहुतेक लोक गाडीनं देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जातात, दर्शन घेतात, पानाचा तांबूल प्रसाद खातात आणि परततात. पायी जाणाऱ्याला वेगळंच माहूर दिसतं: सागाच्या रानातून वर चढणारी वाट, डोंगरांना वळसा घालणारी पैनगंगा, तटबंदी, हत्ती दरवाजा, गडावरचा तलाव.

पहिल्या खेपेला तिन्ही शिखरं एका दिवसात पायी करण्याचा हट्ट धरू नका. गावापासून रेणुकेचा डोंगर सर्वांत जवळ. सकाळी तो आणि रामगड पायी करावा. दत्तशिखर आणि अनसूया वाहनानं किंवा पुढच्या खेपेला. गुडघे दुखणारी आई, लहान मूल सोबत असेल तर त्यांनी वाहनानं पायऱ्यांपर्यंत यावं, बाकीच्यांनी चालत येऊन तिथे गाठावं. माहूरची सोय अशी की चढ अर्ध्यावर सोडावासा वाटला तरी डांबरी रस्ता फार लांब नसतो. पहिल्या डोंगरासाठी याहून चांगला निकष नाही.

जाण्याचा दिवस मात्र विचारपूर्वक ठरवा. नवरात्रात आणि दत्तजयंतीला गडावर प्रचंड गर्दी असते. शांतपणे चढायचं असेल तर हे दिवस टाळा. राखी पौर्णिमेच्या सुमारास माहूरची परिक्रमा असते, हजारो भाविक भर पावसाळ्यात गडाभोवती पायी फिरतात. वाट ठाऊक नसलेल्याला सोबत मिळते हे खरं, पण चिखल, निसरडे दगड आणि रेटारेटी तिन्ही एकत्र येतात. श्रद्धेनं जाणाऱ्यांनी जरूर जावं. नवख्यानं डोंगर शिकण्यासाठी तो दिवस निवडू नये.

परवानगी: आधी जमीन कोणाची ते पाहा

‘परवानगी लागते का?’ याला एकच उत्तर नाही. तुम्ही ज्या जमिनीवर पाय ठेवणार आहात ती कोणाची, यावर ते ठरतं.

* देवस्थानाची वाट, घाटरस्ता, गावरस्ता: दिवसा जायला वेगळी परवानगी लागत नाही.
* अभयारण्य: केळापूर तालुक्यातलं टिपेश्वर आणि उमरखेड भागातलं पैनगंगा ही दोन्ही अभयारण्यं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे परवान्याशिवाय आत जाणं हा गुन्हा आहे. टिपेश्वरमध्ये पर्यटन म्हणजे गाडीतली सफारी. तिथे आपल्या मनानं पायी फिरता येत नाही. ‘मागच्या बाजूनं गावातून वाट आहे’ असं कोणी सांगितलं तरी जाऊ नका.
* राखीव वन: भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली विनापरवाना प्रवेशावर कारवाई होऊ शकते. त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, माणसं किती, वाट कोणती, जबाबदार कोण, फोन नंबर. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.
* सामूहिक वनहक्काचं जंगल: वनहक्क कायदा, २००६ खाली काही गावांच्या ग्रामसभांना जंगलाचे व्यवस्थापनाचे हक्क मिळाले आहेत. अशा ठिकाणी ग्रामसभेला विचारणं हा केवळ शिष्टाचार नाही. तो त्यांचा हक्क आहे. वाटेत कोलामांचा पोड (वस्ती) लागला तर घराघरांत डोकावू नका, न विचारता फोटो काढू नका.

इथे एक घोळ नेहमी होतो. माणसं यवतमाळची, म्हणून अर्जही यवतमाळच्या वनविभागात नेतात. यवतमाळ जिल्ह्यात यवतमाळ, पुसद आणि पांढरकवडा असे वेगवेगळे वनविभाग आहेत. आणि माहूरचं जंगल यापैकी कोणाच्याच अखत्यारीत नाही, ते नांदेड वनविभागात येतं. गडाची रुळलेली वाट सोडून आसपासच्या रानात शिरायचं असेल तर माहूरच्याच वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावं लागेल.

महिना आणि घड्याळ

नोव्हेंबर ते जानेवारी हा सर्वांत चांगला काळ. हवा कोरडी, नाले बेताचे, रान अजून हिरवं. फेब्रुवारीपासून चित्र पालटतं. इथलं जंगल पानगळीचं. साग, धावडा, सालई उघडे पडतात आणि डिसेंबरात सावलीत चाललेली तीच वाट मार्चमध्ये भाजून काढते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. या दोन महिन्यांत उभा चढ नकोच. जायचंच असेल तर उजाडताच सुरू करून नऊच्या आत खाली उतरा.

वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतो. त्या काळात वाळलेल्या गवताच्या उतारावर चालणं किती धोक्याचं असतं, हे तमिळनाडूतल्या कुरंगणीनं दाखवलं आहे. ११ मार्च २०१८ रोजी तिथल्या डोंगरावर ट्रेकला गेलेल्यांना वणव्यानं गाठलं आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. आग वाऱ्यासोबत चढावर माणसापेक्षा वेगानं धावते. समोर धूर दिसला तर ‘थोडं पुढे जाऊन बघू’ म्हणू नका; तिथूनच परता. तुमच्याकडून बिडी-सिगारेट, चूल, शेकोटी काहीही नको. जंगलात आग लावणं किंवा निष्काळजीपणे पेटतं काही टाकणं हा गुन्हाही आहे.

पावसाळ्यात डोंगर सर्वांत सुंदर असतो आणि सर्वांत फसवाही. कातळावर शेवाळ चढतं, नाले तासाभरात फुगतात. ईसापूर धरणातून पाणी सोडलं की पैनगंगा चढते आणि धनोड्याच्या बाजूनं माहूरला जाणारी वाहतूक अडते, असं अनेकदा घडलं आहे. म्हणून निघण्याआधी फक्त गडावरच्या पावसाची चौकशी पुरत नाही. वरच्या धरणाची स्थितीही विचारा. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा. आभाळ गडगडू लागलं की कडा, बुरूज, एकटं झाड सोडून खाली या.

वेळेचा अंदाज काढायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा हिशेब आजही कामाचा आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे सहा किलोमीटरची वाट आणि ३०० मीटर चढ असेल तर सुमारे पावणेदोन तास. हा हिशेब धडधाकट, सरावलेल्या माणसाचा, थंड हवेतला. नवखे, मुलं, फोटो, ऊन हे सगळं धरून तो सरळ दुप्पट करा. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. परतीची वाट दोन तासांची असेल तर साडेतीनला, जिथे असाल तिथून, उतरायला लागा. माथा राहिला तरी चालेल.

अंगावर काय, पाठीवर काय

नवे महागडे बूट घेण्याची गरज नाही. खाचा असलेल्या तळव्याचे, आधी पंधरा दिवस वापरलेले बूट हवेत. चपला आणि गुळगुळीत झालेले स्पोर्ट्‌स शूज मुरमावर घसरतात. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि लांब पॅंट घाला. दिवाळीनंतर गवताचं कुसळ मोज्यांत घुसून घोटे रक्ताळतं, आणि त्याच सुमारास खाजकुयलीच्या शेंगा वाळायला लागतात. तिची लव अंगाला लागली की अंगाची आग होते. खाजवू नका, भरपूर पाण्यानं धुवा, कपडे बदला.

पिशवीत एवढं असलंच पाहिजे:

* हिवाळ्यात माणशी दोन लिटर, फेब्रुवारीनंतर तीन लिटर पाणी. निम्मं संपलं की तिथून परत.
* ओआरएसची पुडी. ती नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.
* शेंगदाणे-गूळ, पोळी-चटणी असं उन्हात न नासणारं खाणं.
* बॅटरी. मोबाइलचा उजेड नव्हे, वेगळी बॅटरी.
* शिटी, रुंद पट्टी, नेहमीची औषधं, आणि कागदावर लिहिलेले दोन फोन नंबर.
* प्लास्टिक परत आणायला रिकामी पिशवी.

वानरं खाण्याच्या पिशवीवर झडप घालतात. पिशवी हातात धरून ओढाताण करू नका, आणि त्यांना खायलाही देऊ नका.

चढताना आणि उतरताना

ज्याचा वेग सर्वांत कमी, तो पुढे. ही एक शिस्त पाळली तर निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. सर्वांत मागे वाट ठाऊक असलेला अनुभवी माणूस असावा. बोलता येईल एवढ्याच वेगानं चढा. वाक्य पुरं करताना धाप लागली तर वेग जास्त आहे.

पाय घसरतो तो बहुधा उतरताना. सुटा मुरूम पायाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखा फिरतो. गुडघे किंचित वाकवून, लहान पावलं टाकत, पूर्ण तळवा टेकवत तिरकं उतरा. हातात काठी ठेवा. रामगडाच्या तटावर, बुरुजाच्या कडेला जुने दगड सैल असतात. त्यांवर उभं राहून रील काढायची नाही, हे निघण्याआधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

वाट चुकली असं वाटलं तर थांबा. जिथे शेवटची खात्रीची खूण दिसली होती तिथपर्यंत मागे या. ‘नाल्यानं खाली गेलो की गाव लागेलच’ हा हिशेब आपल्याकडे फार लोक करतात. नाला अनेकदा कातळाच्या उडीवर नेऊन सोडतो, आणि तिथून वरही येता येत नाही.

वाघ, अस्वल, मोहोळ, साप

टिपेश्वरचे वाघ टिपेश्वरमध्येच राहतात हा समज सोडून द्या. २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला टिपेश्वरचा एक तरुण वाघ महाराष्ट्र-तेलंगणातले अनेक जिल्हे पार करत, १,३०० किलोमीटरपेक्षा जास्त फिरून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत त्यानं शेतं, नाले, रस्ते ओलांडले. त्याआधी राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी वाघिणीच्या दहशतीत गावंच्या गावं राहिली, आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. हे सांगण्याचा हेतू घाबरवण्याचा नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी वनरक्षकाला किंवा पायथ्याच्या गुराख्याला ‘सध्या काही वावर आहे का?’ एवढं विचारा. त्याला ताजी बातमी असते. तो नको म्हणाला तर वाद न घालता बेत बदला.

चार-सहाच्या गटानं, बोलत चाला; पहाटेच्या अंधारात आणि सांजवेळी जंगलात राहू नका; मुलांना मधे ठेवा. वाघ-बिबट दिसलाच तर पळू नका, पाठ दाखवू नका, वाकू नका. नजर त्याच्यावर ठेवून हळूहळू मागे सरका. मोहफुलांच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, अस्वलाची धास्ती अधिक. मोहाखाली ते पहाटे येतं, आणि अचानक जवळून गाठ पडली तर हल्ला करतं. म्हणून वळणावर आवाज करत जा.

कड्याच्या कपारीला, जुन्या दरवाज्याच्या कमानीला आग्या मोहोळ आहे का ते दुरूनच पाहा. उग्र अत्तर, धूर, फटाके, दगड यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका; चेहरा कापडानं झाका आणि लांब पळा.

साप चावला तर जखम कापू नका, तोंडानं ओढू नका, दोरी आवळून बांधू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांवर चालणारी एकच लस असते, त्यामुळे साप पकडून नेण्याचीही गरज नाही. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून रस्त्यापर्यंत आणा आणि थेट सरकारी दवाखान्यात न्या. यवतमाळच्या बाजूला असाल तर श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. पण आधी जे जवळचं ग्रामीण रुग्णालय तिथे जा, आणि वाटेतूनच फोन करून लस आहे का विचारा. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

वावरातून जाताना

डोंगराच्या पायथ्याशी पोहोचायला बहुतेक वेळा कोणाच्या तरी वावरातून जावं लागतं. धुऱ्यावरून चाला, पिकात पाय घालू नका, विचारून जा. रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला कुंपणाच्या तारेत करंट सोडलेला असतो. सौरऊर्जेच्या झटका यंत्राचा धक्का माणसाला फेकतो, मारत नाही. पण काही ठिकाणी थेट विजेच्या खांबावरून तार ओढलेली असते, आणि अशा तारांनी माणसंही गेली आहेत, वाघही. पहाटेच्या अंधारात कुठल्याही तारेला हात लावू नका, तिच्याखालून वाकून जाऊ नका.

कापसाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. नुकत्याच फवारलेल्या वावरातून जाऊ नका. शेतालगतच्या नाल्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका. कीटकनाशक उकळून जात नाही.

पैसे भरून गटाबरोबर जात असाल तर

सोशल मीडियावर रविवारी निघणारे गट आता विदर्भातही बरेच झाले आहेत. पैसे भरण्याआधी हे विचारा: राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? वनविभागाची परवानगी कोणाच्या नावानं आहे, तिची प्रत दाखवाल का? किती माणसांमागे एक मार्गदर्शक? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाला आहे? विमा आहे का? पाऊस आला, ट्रेक रद्द झाला तर पैसे किती परत?

उत्तरं तोंडी घेऊ नका. संदेशावर लेखी घ्या आणि पावती जपून ठेवा. ‘जे काही होईल त्याला तुम्हीच जबाबदार’ अशा कागदावर सही केली म्हणून आयोजक निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून आपोआप सुटत नाही. पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कक्षेत येते. आधी आयोजकाला लेखी तक्रार द्या, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, आणि तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

एसटीनं जाणाऱ्यांसाठी: महिलांना निम्मं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. आधारकार्ड जवळ ठेवा, आणि माहूरला उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ स्थानकावरच विचारून घ्या. त्या वेळेवरूनच मागचा सगळा हिशेब मांडा.

अडचण आलीच तर

दऱ्यांत मोबाइलची रेंज जाते. म्हणून घरी एका माणसाला वाट, सोबत्यांची नावं आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन नाही आला तर चौकशी सुरू कर’ ही वेळ लिहून द्या. जखमी माणसाजवळ एक जण कायम थांबावा, दोघांनी रेंजच्या जागी जावं. एकट्यानं कोणी पळत सुटू नये. ११२ वर पोलिसांची मदत, १०८ वर रुग्णवाहिका, १९२६ वर वनविभाग. फोनवर पहिलं वाक्य ठिकाणाचं असू द्या: कोणता डोंगर, कोणत्या बाजूनं चढलात, जवळचं गाव कोणतं.

उन्हानं कोणी बरळू लागला, घाम थांबला, अंग तापलं तर तो उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, काखेत आणि मानेला ओली फडकी ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

माहूर जमलं की पुढे

दोन-तीनदा माहूर न थकता झालं की पुढचे डोंगर विदर्भातच आहेत. चिखलदऱ्याचा गाविलगड दिवसभरात निवांत पाहून होतो. अकोट तालुक्यातला नरनाळा मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे शहानूरच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क भरूनच वर जाता येतं, आणि ठरलेल्या वेळेत परतावं लागतं. त्यानंतर सह्याद्री. १,६४६ मीटरचं कळसूबाई, शिड्यांसह, पहिल्यांदा नोव्हेंबर किंवा डिसेंबरमध्येच करा, आणि शनिवार-रविवार सोडून. शिड्यांवरची गर्दी टाळता येईल आणि आपल्या वेगानं चढता येईल.